बोटं आमची, यंत्र कुणाचं?

मिक्सर, शिलाई मशीन, मंडळाचा माइक हे सगळं आपण वापरतो. बिघडलं की ते उघडायचा हक्क मात्र घरातल्या किंवा गल्लीतल्या पुरुषाचा. हा प्रश्न मला टोचायला लागला तो एका जुन्या ऑसिलोस्कोपमुळे.

विजेचा दाब क्षणाक्षणाला कसा चढतो-उतरतो हे पडद्यावर रेघेने दाखवणारं हे यंत्र. १८९७ साली कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने बनवलेल्या नळीतून ते आलं. जुन्या टीव्हीचा पडदाही तिचाच वंशज. मल्टीमीटर आकडा सांगतो, स्कोप त्या विजेचा आकार दाखवतो. ॲम्प्लिफायरमध्ये आवाज नेमका कुठे फाटतो, ते डोळ्यांना दिसतं.

नवा परवडणारा नव्हता. रोह्यात, पेणला दुरुस्तीची दुकानं आहेत, पण असलं यंत्र शोधायला मला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जावं लागलं. "कुणासाठी पाहिजे? मिस्टर काय करतात?" हे प्रश्न किमतीच्या आधी आले.

आधीच्या मालकाने त्यात दोन फेरफार केले होते. एक उपयोगाचा: आत छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून पुढे दोन सॉकेट काढलेली. तिथे सुटा भाग जोडला की त्याची ओळख पडद्यावर उमटते. रेझिस्टरची तिरकी रेघ, कपॅसिटरचा लंबगोल, डायोडची कोपरात वाकलेल्या हातासारखी रेघ. दुसरा घातक: अर्थिंगची तार कापलेली. अशा यंत्राच्या धातूच्या पेटीवर वीज उतरली तर हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. ती तार मी पहिल्यांदा जोडून घेतली. आत हजार-दोन हजार व्होल्ट असतात, बंद केल्यावरही काही काळ टिकतात, हेही शिकले. "बाईने विजेच्या वाटेला जाऊ नये" म्हणणाऱ्यांनी हे कधी समजावून दिलं नव्हतं. समजलं की भीती कमी होते, सावधपणा राहतो.

बाईचा हात या कामाला चालत नाही, असंही नाही. मुंबईत १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी सीप्झ सुरू झालं, तेव्हा जोडणीच्या कामावर मोठ्या संख्येने मुलीच घेतल्या गेल्या. त्यांच्या बारीक बोटांचं कौतुक झालं. रचना, दुरुस्ती आणि त्याचा पगार बहुतेक पुरुषांकडे राहिला. पेणच्या गणपती कारखान्यांत बायका किती नाजूक काम करतात, हे इकडे कुणाला सांगायला नको.

कुणी म्हणेल, पोटाचे प्रश्न असताना हा छंद कशाला? पण मुलगे हे कौशल्य छंदातूनच कमावतात. जुना रेडिओ मोडला तरी "शिकतोय" म्हणून कौतुक होतं. छंदाला मोकळा वेळ, घरातला एक कोपरा आणि हिशेब न मागितला जाणारा पैसा लागतो. या तिन्ही गोष्टी बाईला मागून घ्याव्या लागतात. म्हणून माझ्या मते हा मालकीचा प्रश्न आहे, जमिनीच्या सातबाऱ्यासारखाच.

एकेकीला हे जड जाईल. मंडळाने मिळून सोल्डरिंगची इस्त्री, मल्टीमीटर घ्यावा, जमलं तर जुना स्कोपही, आणि आपल्याच ॲम्प्लिफायरपासून शिकायला सुरुवात करावी. पुढच्या सभेत माइक बंद पडला की आपल्या नजरा कुणाला शोधतात, तेवढं पाहा, मैत्रिणींनो.