मेंढरांचा मूकपट

गेल्या सहामाहींत एका शनिवारीं आम्हीं आठवी ते दहावीच्या मुलांस एकत्र बसवून ‘शॉन द शीप’ या मेंढराच्या कथामालेंतील ‘फार्मागेडन’ नांवाचा चित्रपट दाखविला. सोमवारीं कांहीं पालक भेटावयास आले. त्यांचें म्हणणें असें कीं, बाहुल्यांचा खेळ बालवर्गास ठीक. परीक्षा तोंडावर आलेल्या मुलांचा दीड तास त्यांत कां दवडावा? त्यांची कळकळ खोटी नव्हती. परंतु आमचें मत निराळें आहे, आणि फाटकापाशीं उभ्या उभ्या तें नीट सांगतां आलें नाहीं, म्हणून या अंकांत मांडीत आहों.

प्रथम चित्रपटाविषयीं. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरची आर्डमन ही संस्था १९७२ मध्यें निघाली. मातीच्या बाहुल्यांच्या चित्रपटांबद्दल तिची ख्याति आहे. शॉन हें मेंढरूं तिच्या १९९५ च्या एका लघुपटांत प्रथम दिसलें. ‘फार्मागेडन’ २०१९ सालचा. परग्रहावरील लू-ला नांवाचें पोर चुकून पृथ्वीवर येतें, शेतावरच्या मेंढरांत आसरा घेतें, आणि शॉन त्यास घरीं पोंचविण्याची खटपट करितें. तिकडे मळ्याचा धनी शेतीच्या नव्या यंत्राच्या पैशासाठीं परग्रहवासीयांच्या नांवानें जत्रा उभारतो. पात्रांच्या तोंडीं कळेल असें एकही वाक्य नाहीं. कापणीनंतर शेतांत मेंढरें बसविणारे धनगर ज्यांनीं पाहिले आहेत, त्या एकलहऱ्याच्या मुलांस कळपाची ढकलाढकल समजावून सांगावी लागली नाहीं. (खरीं मेंढरें इतकीं चतुर असतीं, तर धनगराचें कठीणच होतें!)

आतां बाहुल्यांविषयीं. बाहुली केसभर हलवावयाची, एक चित्र घ्यावयाचें. पुन्हां हलवावयाची, पुन्हां चित्र. पडद्यावरील एका सेकंदास चोवीस चौकटी लागतात. एकच ठेवण दोन चौकटींस चालविली तरी बारा ठेवणी हव्याच. दीड तासाच्या खेळास चौकटींचा आंकडा लाखावर जातो. हा हिशेब मुलांनींच केला, आणि एरव्हीं गुणाकाराचा कंटाळा करणाऱ्यांनीं तो पुन्हां पडताळून पाहिला.

ही विद्या सर्वस्वी परक्यांची आहे, असें कोणीं समजूं नये. आपल्याच जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं, ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीं, १९१२ सालीं वाटाण्याचें रोप लावून एकेक चौकट टिपली, आणि अनेक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत घडवून भांडवल देणाऱ्याची खात्री पटविली. पुढें कारखाना नाशिकास आणल्यावर १९१५ सालीं त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. त्यांत निर्जीव काड्या जणुं आपणहून हलत. तो आज उपलब्ध नाहीं. हरिश्चंद्राचें नांव प्रत्येक विद्यार्थी परीक्षेपुरतें सांगतो. काड्यांचें नांव आमच्या वर्गांत एकासही ठाऊक नव्हतें. ही उणीव मुलांची नसून आम्हां शिक्षकांची आहे.

परंतु चित्रपट दाखविण्याचें खरें कारण दुसरेंच होतें. वीजकेंद्रामुळें एकलहऱ्यास दूरदूरचीं कुटुंबें येऊन राहतात. यंदा परप्रांतांतून एक मुलगा आठवींत आला. त्याचें मराठी ऐकून वर्ग हंसे. मग तो बोलेनासाच झाला. आम्ही दोनदां रागें भरलों. हंसणें थांबलें, पण केवळ आमच्यासमोर. या चित्रपटांत परग्रहवासीयांस पकडूं पाहणारी एक कठोर अधिकारी स्त्री आहे. लहानपणीं तिनें परग्रहवासी पाहिले, शाळेंत तसें सांगितलें, आणि सारा वर्ग तिला हंसला. तिच्या हट्टाचें मूळ तेथें आहे. तो प्रसंग आला तेव्हां सभागृहांतलें खिदळणें मध्येंच थांबलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं, आणि बोललों नाहीं हें बरें केलें असें वाटतें.

चित्रपट निर्दोष आहे असें नव्हे. पाठलागाचा भाग लांबला आहे, आणि जुन्या अंतराळपटांस मारलेल्या कोपरखळ्या मुलांस कळल्या नाहींत. आम्हांसही निम्म्याच कळल्या.

पुढच्या आठवड्यांत त्या नव्या मुलासह पांच जणांनीं काळ्या मातीची शेळी करून मोबाइलवर चित्रें घेण्यास आरंभ केला. माती वाळून तडे जात, म्हणून पाय दोनदां मोडले. खिडकींतलें ऊन सरकलें कीं शेळी चालतां चालतां काळवंडे. आतां ती कणकेची केली आहे, आणि तक्रार करावयास आलेल्या पालकांपैकीं एकांच्या घरूनच ती कणीक मळून येते. आजवर नऊ सेकंद झाले आहेत. शनिवारीं शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या खोलींत ती शेळी चालते. पालकांनीं अवश्य पाहावयास यावें.