ओळख की आयडेंटिटी?

गणेशोत्सव असो की मराठी शाळेचं स्नेहसंमेलन, 'आपली आयडेंटिटी जपली पाहिजे' हे ऐकल्याशिवाय हल्ली परदेशातल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम संपत नाही. फेटा, नऊवारी, ढोलताशे, सगळं त्या एका शब्दात कोंबायचं. मराठीत त्यालाच ओळख म्हणतात असं आपण धरून चालतो आणि तिथेच चुकतो. आयडेंटिटीच्या मुळाशी लॅटिनमधला 'तोच, तेच' हा अर्थ आहे. कालचा तो आजही तोच, एवढं सिद्ध झालं की काम भागलं. त्याला शेजारी लागत नाही. ओळखीला मात्र दोन माणसं लागतात. ती होते, वाढते, कधी जुनी निघते. लोक ती दाखवतात किंवा ऐन वेळी विसरतात. फराळाचं ताट शेजारी पोचवलं की ती वाढते, कपाटातल्या पैठणीने नाही.

हा शब्दांचा कीस वाटत असेल तर नंदुरबारकडे पाहा. 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. 'माझे आधार, माझी ओळख' हे घोषवाक्यही पुढे घरोघरी पोचलं. पण त्यामागे आहेत बारा आकडे, दहा बोटांचे ठसे आणि दोन बुबुळं, म्हणजे आयडेंटिटी. रेशन दुकानात अंगठा तपासणारं यंत्र आलं की फरक उघडा पडतो. निंदणी-खुरपणीत बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा 'अंगठा लागत नाही'. दुकानदार तिला नावानिशी ओळखतो, तिच्या सासूलाही. पण ती तीच आहे हे यंत्राला पटत नाही.

कुणी म्हणेल, गावची ओळख पक्षपातीही असते; वशिला तिचाच भाऊ. खरंय. मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्या नंदुरबारच्या माणसाला तिथे कोण ओळखतं? त्याला कागदच हवा, आपल्याला पासपोर्ट हवा तसा. पण कागदाने दार उघडतं, घरात 'ये, बस' म्हणायला माणूसच लागतो. मुलांना आयडेंटिटी देण्याच्या घाईत आपण त्यांना चार मराठी घरांची ओळख करून द्यायची विसरतो. उपदेश जरा जास्तच झाला, माफ करा. पुढच्या कार्यक्रमात नावाचे बिल्ले जरूर लावा. फक्त जेवताना नव्याने आलेल्या कुटुंबाशेजारी बसा.