नाटकाच्या वहीवर नाव कोणाचे?

सोलापुरातील शुक्रवार पेठेत एका लहान नाटकमंडळीची तालीम पाहण्याचा योग आम्हास नुकताच आला. नाटक नवे, विषय कर्जात बुडालेल्या मागवाल्याच्या घराचा. लेखकाने वहीत लिहिले होते की, वसुलीवाला दारात येताच घरची बाई हंबरडा फोडते. ते काम करणारी बाई स्वतः विड्या वळून पोट भरणारी. ती दोनदा रडली आणि तिसऱ्यांदा थांबून म्हणाली, "मास्तर, वसुलीवाला दारात आला की आमच्यात कोणी रडत नाही. मी आधी चहाचे आधण ठेवते, पोरांना मागल्या दाराने बाहेर काढते आणि त्याला हसून बसायला सांगते. रडायचे ते तो गेल्यावर."

लेखक शहाणा. त्याने वहीतला मजकूर खोडला आणि बाईने सांगितले तसा प्रवेश बांधला. पाहणारे आधी हसले, मग गप्प झाले. सगळ्या नाटकाचा जीव त्या एका प्रवेशात आला. पुढे हस्तपत्रक छापून आले. त्यावर लेखकाचे नाव ठळक होते. बाई 'आणि इतर' या दोन शब्दांत गेली.

वाचकहो, हा प्रकार आपणांस नवा आहे काय? कांड्या घरातल्या बाया भरतात, ताणा एक लावतो, सूत दुसरा रंगवतो, धोटा तिसरा फेकतो. आणि चादरीवर छाप पडतो तो व्यापाऱ्याचा! मागावरचा हा अन्याय आपण पिढ्यान् पिढ्या बोलून दाखवला. तोच आपल्या तालमीत घडला तर त्याला 'रीत' म्हणून सोडून द्यायचे काय?

मिळून नाटक रचणे ही आपल्या लोकांना कोणी बाहेरून शिकवलेली विद्या नव्हे. तमाशाच्या वगाला पुष्कळदा लिखित वही नसेच. सरदार आणि सोंगाड्या उभ्या उभ्या भाषणे रचीत. त्याच साच्यातून सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले. 1944 साली अण्णाभाऊ साठे, आपल्या बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेही तिघांच्या मेळाने. अलीकडचा दाखला 2012 सालचा. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकाची कल्पना व संगीत संभाजी भगत यांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. आणि रंगमंचावर उभी राहिली ती जालना जिल्ह्यातील शेतकरी घरांतली माणसे. कल्पना कोणाची, लेखणी कोणाची, हे तेथे वेगवेगळे सांगितले गेले. त्याने कोणाचा मोठेपणा कमी झाला?

कोणी म्हणेल, बारभाईंची शेती, काय लागेल हाती? हा आक्षेप खोटा नाही. दहाजणांनी दहा बाजूंना ओढले तर नाटकाची चिंधी होते. लेखणी एकाच्या हाती असावी आणि काय ठेवावे, काय गाळावे याचा शेवटचा शब्दही त्याचाच असावा. पण नांगर एकाने धरला म्हणून पेरणाऱ्याचे, निंदणारीचे कष्ट बुडवावे असे कोणत्या शेतीत लिहिले आहे?

म्हणून लहान मंडळींना आमचे सांगणे थोडके आहे. तालमीत एक वेगळी वही ठेवावी. कोणत्या दिवशी कोणी काय सुचवले आणि त्यातले काय घेतले, ते तीत टिपावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात मिळून केलेल्या, वाटे वेगळे न काढता येणाऱ्या कृतीला संयुक्त कर्तृत्व मानण्याची सोय आहे. पण नुसत्या तोंडी कल्पनेला कायदा विचारीत नाही, म्हणून टिपण हवे. प्रयोगाच्या मिळकतीची वाटणी पहिल्या तालमीपूर्वीच ठरवावी, टाळ्या पडल्यावर नव्हे. ज्यांच्या घरची कथा, त्यांना पहिला खर्डा वाचून दाखवावा. तालमीची वेळ बायांना विचारून ठेवावी. चूल आणि विड्या टाकून त्या येतात. आणि हस्तपत्रकावरून 'आणि इतर' हे शब्द काढून टाकावे. चार नावे अधिक छापण्यास शाई ती कितीशी लागणार?

जोतीरावांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिले. कुणब्याच्या जोडप्याला जोशी कसा लुबाडतो ते त्यात दाखवले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले, आणि त्यांच्या हयातीत ते छापून निघाले नाही. त्या कमिटीला आपण आजवर नावे ठेवतो, आणि ठेवलीच पाहिजेत. पण विडी वळणारीच्या बोलावर टाळ्या घेऊन तिचे नाव गाळताना आपणही तसलीच एक लहानशी कमिटी होऊन बसतो, हे ध्यानात येते काय?

शुक्रवार पेठेतल्या त्या मंडळीचा पुढला प्रयोग व्हायचा आहे आणि हस्तपत्रकही नवे छापायचे आहे. लेखक शहाणा आहे असे आम्ही वर म्हटलेच. बाईचे ऐकून वहीतला मजकूर खोडण्याचे धैर्य ज्याने दाखवले, त्याला हस्तपत्रकावर तिचे नाव लिहिणे जड जाऊ नये.