जीव नकोसा झालेल्या माणसाशीं बोलावें कसें ?

एखाद्या शेतकऱ्यानें आत्महत्या केल्याची वार्ता आली म्हणजे आपल्या सभांतून कर्जाची, भावाची व पावसाची चर्चा होते, आणि ती झालीच पाहिजे. परंतु ज्याच्या मनांत तो विचार घोळत आहे, आणि जो अद्यापि आपल्यामध्यें उठतो-बसतो, बाजारास जातो, त्याच्याशीं बोलावें कसें याची चर्चा आम्हीं सहसा ऐकलेली नाहीं. कोणी धीर देतो, कोणी मुलाबाळांची शपथ घालतो, कोणी ‘असलें अभद्र बोलूं नये’ म्हणून विषय तोडतो. हेतु चांगला असतो. परिणाम मात्र इतकाच होतो कीं तो मनुष्य पुढें कांहीं बोलतच नाहीं.

यांत आपणच तेवढे चुकलों असें नाहीं. ज्यांचा हा व्यवसाय ते मानसोपचारकही पुष्कळ वर्षें बहुधा याच वाटेनें गेले. रोग्यास समोर बसवावें, ठराविक प्रश्न विचारावे, रोगाचें नांव ठरवावें, आणि ‘मी जिवाचें बरेंवाईट करणार नाहीं’ असें वचन त्याच्याकडून लिहून घ्यावें, अशी वहिवाट होती. असल्या वचनानें जीव वांचतात यास आधार मिळालेला नाहीं. त्यानें उपचारकाची धास्ती थोडी कमी होते, इतकेंच. ही धास्ती लहानसहान नसते. रोगी दगावला तर दोष आपल्या माथीं येईल, या भयानें उपचारक कठोर होतो किंवा रोग्यास टाळूं लागतो. मॉल्ट्सबर्गर व ब्युई या दोघां अमेरिकन मानसोपचारकांनीं १९७४ सालींच लिहून ठेविलें कीं, अशा रोग्याविषयीं उपचारकाच्या मनांत तिटकारा व द्वेषही उत्पन्न होतो, आणि तो त्यानें स्वतःशीं कबूल केला नाहीं तर रोग्यास अपाय होतो. आपल्या धंद्याविषयीं इतकें उघड लिहिणारे लोक थोडे.

पुढें २००० सालीं, आल्प्स पर्वतांतील ऐशी नांवाच्या एका स्विस खेड्यांत, या विषयांत काम करणारे कांहीं उपचारक एकत्र जमले. बर्न शहरचे डॉक्टर कॉनराड मिशेल व अमेरिकेचे डेव्हिड जोब्स हे त्यांत प्रमुख होते. त्यांचें म्हणणें साधें होतें. मरणाचा विचार हें केवळ रोगाचें लक्षण नव्हे. त्यामागें त्या माणसाची हकीगत असते, आणि ती हकीगत जाणणारा एकच, तो स्वतः. तेव्हां उपचारकानें आधीं ती ऐकावी, व मग पुढचा मार्ग दोघांनीं मिळून आंखावा. पिकाचा रोग पाहावयास आलेला अधिकारी बांधावरूनच औषध सांगून निघून गेला, तर आपण काय म्हणतों हें वाचकांस सांगावयास नको. शेत कोणत्या वर्षीं पाण्याखालीं गेलें, बियाणें कोठून आणिलें, हें ज्यास ठाऊक त्यालाच त्यानें विचारलेलें नसतें.

जोब्स यांच्या पद्धतींत उपचारक रोग्याची अनुमति घेऊन त्याच्या समोरून उठतो व शेजारीं येऊन बसतो. एक कागद दोघांच्या मध्यें असतो, आणि त्यावर रोगी स्वतःच्या शब्दांत लिहितो : दुःख किती, निराशा किती, जगण्याचीं कारणें कोणतीं आणि मरण्याचीं कोणतीं. हा शेवटचा रकाना पाहून आम्हीही प्रथम दचकलों. परंतु तो रकाना त्याच्या मनांत आधींच भरलेला असतो. सरळ विचारल्यानें हा विचार नव्यानें डोक्यांत शिरतो, ही समजूत खोटी ठरली आहे. उपचारकास जड जातें तें दुसरेंच. ‘मी गेलों तर घरच्यांचा भार हलका होईल’ असें कोणी लिहीत असतां मध्येंच त्याचें खंडन करण्यास जीभ शिवशिवते, आणि ती आंवरावी लागते. तें साधलें म्हणजे उपचारकाचाही भार हलका होतो. कारण रोग्यास जिवंत ठेवण्याचें ओझें एकट्यानें वाहण्याऐवजीं तो रोग्याबरोबर वाहूं लागतो.

मिशेल यांच्या बर्नच्या उपक्रमांत आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांची हकीगत चित्रमुद्रित करीत, पुढच्या बैठकींत दोघे शेजारीं बसून ती पाहत, आणि तीन-चार बैठकींनंतर दोन वर्षें अधूनमधून पत्रें धाडीत. १२० जणांवर केलेल्या चांचणीचा निकाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला : दोन वर्षांत या गटांत ५ नवे प्रयत्न झाले, दुसऱ्या गटांत ४१. मृत्यु मात्र दोन्ही गटांत एकेक झाला. हेलसिंकी येथील २०२२ च्या चांचणींत या पद्धतीची तुलना तेथील नेहमीच्या संकटकालीन समुपदेशनाशीं केली, तेव्हां लक्षणीय फरक दिसला नाहीं. म्हणून हें रामबाण औषध आहे असें आम्ही म्हणत नाहीं.

शेजारीं बसणें म्हणजे माणसास त्याच्या इच्छेवर सोडून देणें, असाही अर्थ कोणी घेऊं नये. धोका समोर दिसत असेल तर त्यास एकटें ठेवूं नये, रुग्णालय गांठावें. फवारणीचीं औषधें घरांतून हलवावींत. मात्र तेंही शक्य तोंवर त्याला विचारून करावें : ‘किल्ली कोणाजवळ ठेवूं?’ ज्याचें नांव तो घेईल, तोच बहुधा त्याच्या विश्वासांतला मनुष्य.

खरें बोलण्यास आपल्याकडे कायद्याचीही आडकाठी होती. आत्महत्येचा प्रयत्न दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाखालीं गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा मनुष्य तीव्र तणावाखालीं होता असें गृहीत धरून त्यास शिक्षेपासून संरक्षण दिलें, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या संहितेंत तें कलम राहिलें नाहीं. पोलिसांच्या भयानें ‘चुकून झालें’ असें सांगणाऱ्या रोग्याची खरी हकीगत कोणत्या उपचारकानें कशी ऐकावी ?

एवढे तज्ज्ञ खेड्यांत आणावे कोठून, असें कोणी म्हणेल. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम झाला, त्यांत बहुतेक काम शिकवून तयार केलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनीं व समुपदेशकांनीं केलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें, खिन्नतेच्या विकारानें ग्रासलेल्यांपैकीं मदत घेणाऱ्यांचें प्रमाण दीड वर्षांत शेंकडा ४.३ वरून २७.२ झालें. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनि-सेवा २०२२ पासून अहोरात्र चालूं आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठींतूनही बोलतां येतें.

आमची संस्थेच्या चालकांस सूचना अशी कीं, बाजाराच्या दिवशीं गोदामाशेजारची एक खोली प्रशिक्षित समुपदेशकास मोकळी करून द्यावी, दारावर पाटी लावूं नये, आणि आंत मेज न ठेवतां दोन खुर्च्या शेजारीं शेजारीं ठेवाव्या. खर्चाचा प्रश्न पुढील सभेंत मांडण्यास आम्ही तयार आहों.