दोनशे रुपयांची शिक्षा

आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही चौघीजणी दर बुधवारी दुपारी देवळामागच्या खोलीत बसतो. निराधार योजनेचे अर्ज, रेशनकार्डावरची नावं, बँकेचे कागद असं काय काय घेऊन बायका येतात. मी काही वकील नाही. बी.ए. झालेली साधी गृहिणी. पण इतकी वर्षं अर्ज भरून देताना सरकारी कारभार थोडाफार कळायला लागला, असं मला वाटत होतं. परवा एका मावशींमुळे हा समज दूर झाला.

मावशींचं वय ६७. यजमान सूतगिरणीत होते, नोकरीत असतानाच गेले. त्यांच्यामागे मावशींना प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन मिळते, महिन्याला १,९०० रुपये. मुलगा त्याच गल्लीत राहतो, पण चूल वेगळी आणि रेशनकार्डही वेगळं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्या श्रावणबाळ योजनेचा अर्ज घेऊन आल्या होत्या. पासष्टच्या पुढच्या गरीब माणसाला या योजनेतून २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. वय बसत होतं. उत्पन्नाच्या रकान्याशी मात्र माझं पेन थांबलं. मर्यादा वर्षाला २१ हजारांची. मावशींची पेन्शन वर्षाला २२,८०० रुपये. म्हणजे १,८०० रुपये जास्त!

रांगेतली एक बाई पटकन म्हणाली, "पेन्शनचं लिहूच नका. कोण बघतंय?" खरं सांगते, क्षणभर मलाही तेच वाटलं. पण मावशीच म्हणाल्या, "नको हो ताई. माणूस गेला त्याचे पैसे आहेत ते. मिळत नाहीत असं कसं लिहू?"

रात्री घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मावशींची पेन्शन १,९०० ऐवजी १,७०० असती तर? वर्षाचे २०,४०० झाले असते, म्हणजे मर्यादेच्या आत. वर श्रावणबाळचे १८ हजार. एकूण ३८,४०० रुपये. आता हातात किती? फक्त २२,८००. म्हणजे महिन्याला दोनशे रुपये जास्त मिळतात, म्हणून ही बाई वर्षाला १५,६०० रुपयांनी गरीब! दोनदा बेरीज तपासली. चूक माझी नव्हती.

आमच्या ह्यांना हे सांगितलं, तर ते इन्कमटॅक्सची माहिती वाचत बसले होते. म्हणाले, "अगं, टॅक्समध्ये असं होत नाही." २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही असं जाहीर झालं. मी विचारलं, "आणि एखाद्याचं १२ लाख १० हजार झालं तर? त्याला सगळ्याचा कर भरावा लागणार?" तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. नुसता दर लावला तर त्याचा कर साडेएकसष्ट हजार होतो. पण दहा हजार जास्त कमावले म्हणून माणसाचं नुकसान होऊ नये, यासाठी कायद्यातच सोय आहे. मर्यादेच्या वर जेवढे गेले, साधारण तेवढाच कर. म्हणजे दहा हजार आणि वर थोडा सेस. याला म्हणतात मार्जिनल रिलीफ.

मैत्रिणींनो, मला रात्रभर नीट झोप लागली नाही. बारा लाखवाल्याची जी काळजी कायदा घेतो, ती एकवीस हजारवालीची का घेत नाही?

आणखी एक गंमत बघा. गंमत कसली, थट्टाच. कर लागण्याची मर्यादा २०१४ मध्ये अडीच लाख होती, ती वाढत वाढत इथपर्यंत आली. चांगलंच झालं, महागाई सगळ्यांनाच आहे. पण श्रावणबाळचं अनुदान २०२३ मध्ये हजाराचं दीड हजार झालं, तेव्हाही २१ हजारांची अट तशीच राहिली. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. त्यात चहा, साखर, गॅस आणि रक्तदाबाची गोळी बसवून दाखवा!

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. तिथेही १,५०० रुपयेच, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आणि वयाची अट २१ ते ६५. मावशींच्या सुनेला ते पैसे मिळाले. मिळावेत, तिचीही ओढाताण आहे. पण त्याच गल्लीतली सासू केवळ पासष्ट ओलांडली म्हणून दुसऱ्या योजनेत जाते, आणि तिथे तिच्या गरिबीचं माप अडीच लाखांवरून एकवीस हजारांवर येतं. म्हातारपणी बाईच्या गरजा इतक्या कमी होतात का हो?

हे असंच असायला हवं असं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये पेन्शन क्रेडिट नावाची योजना आहे. म्हाताऱ्या माणसाचं उत्पन्न ठरावीक रकमेपेक्षा जेवढं कमी पडेल, तेवढी भर सरकार घालतं. शिवाय उत्पन्न मोजताना इन्कमटॅक्स वजा करून मोजतात. तिथेही त्रुटी आहेतच. पण पेन्शन थोडी वाढली की मदत थोडी घटते, एकदम दार बंद होत नाही.

आपल्याकडेही हे करता येईल. मावशींचे १,८०० जास्त होतात ना? मग १८ हजारांतून ते वजा करा आणि उरलेले १६,२०० द्या. महिन्याला १,३५० रुपये झाले. सरकारचं नुकसान नाही आणि मावशींना खोटं लिहायची गरज नाही. आणि करमर्यादेसारखी हीसुद्धा मर्यादा महागाईबरोबर वाढवत न्या. आज खरं सांगणारीचा अर्ज परत जातो आणि लपवणारीचा मंजूर होतो. आपण बायकांना हेच शिकवतोय का?

मंडळातर्फे आम्ही आमच्या आमदारांना हा हिशेब लिहून पाठवतोय. तुमच्या ओळखीत अशी एखादी मावशी असेल, तर तिची पेन्शन बाराने गुणून बघा आणि तुम्हीही लिहा. आमच्या मावशींनी तो अर्ज फाडला नाही. घडी करून पासबुकात ठेवलाय. "मर्यादा वाढली की सांगा हं ताई," म्हणाल्या आणि काठी टेकत गेल्या.