खर्जाची हेटाळणी

ज्या घरांत पाश्चात्त्य संगीत थोडेफार ऐकले जाते, तेथे गुस्ताव्ह होल्स्ट या इंग्रज रचनाकाराची ग्रहांवरील सात भागांची वाद्यवृंदरचना बहुधा परिचित असते. तिच्याविषयीचा अभिप्रायही ठरलेला असतो: शुक्र मधुर, गुरू भव्य, आणि मंगळ म्हणजे पितळी भोंग्यांचा गोंगाट! पहिल्या दोन विधानांशी आमचे भांडण नाही. तिसरे मात्र आम्हांस निखालस चुकीचे, किंबहुना अपायकारक वाटते.

उजव्या हाताच्या मज्जातंतूंच्या विकारामुळे होल्स्टची पियानोवादक होण्याची आशा मावळली व तो ट्रॉम्बोन वाजवून पोट भरू लागला. ऋग्वेदातील सूक्ते समजावीत म्हणून संस्कृत शिकणारा आणि सावित्रीच्या आख्यानावर संगीतिका रचणारा हा मनुष्य आपल्याकडे त्या संस्कृतप्रेमापुरता वाखाणला जातो. तो वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत बसून पितळी नळी फुंकीत असे, हे सांगण्यास कोणी फारसे उत्सुक नसते.

परंतु १९१४ ते १९१७ या काळात रचलेल्या या कृतीचे मर्म त्या मागच्या रांगेतच आहे. तीन ट्रॉम्बोन, एक टेनर ट्यूबा व एक बास ट्यूबा एवढा तिचा खर्जाचा ताफा. शुक्र व बुध या भागांत हे पाचही वादक स्वस्थ बसून असतात; गोंगाटच करावयाचा असता तर रचनाकाराने त्यांस असे मुके का ठेवले असते? मंगळात पाच मात्रांच्या हट्टी ठेक्यावर टेनर ट्यूबा ललकारी देतो आणि ट्रम्पेट तीस उत्तर देतात. युरेनसच्या आरंभी ट्रम्पेट व ट्रॉम्बोन चार स्वर गर्जून सांगतात. लगेच दोन्ही ट्यूबे तेच स्वर लगबगीने म्हणतात, आणि मग नगारे त्याहूनही घाईने. थोरल्या भावाची धाकट्यांनी नक्कल करावी, तसा हा विनोद आहे. शनीमध्ये हेच ट्रॉम्बोन जपून पावले टाकीत येतात. नेपच्यूनमध्ये तर आरंभापासून शेवटपर्यंत सर्वांनी अतिशय मंद वाजवावे, अशी सूचनाच आहे. नऊ फूट लांबीच्या नळीतून कुजबुज काढावयास केवढा दम लागतो, याचे अनुमान ज्यांनी देवघरातील शंख कधी फुंकून पाहिला आहे त्यांनी करावे.

हा अन्याय एका परदेशी रचनेपुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण टेनर ट्यूबाचा हा भाग सामान्यतः ज्या युफोनियमवर वाजविला जातो, ते आपल्या लग्नाच्या बँडमधील छातीशी धरलेले जाडजूड वाद्यच होय. तेच वाद्य लंडनच्या सभागृहात वाजले म्हणजे कला, आणि कुडाळच्या वरातीत वाजले म्हणजे ‘भोंगा’! वाजविणाऱ्याचे नाव यजमानास ठाऊक नसते; पंगतीत त्याचे पान सर्वांच्या शेवटी. देवळातील शिंग व कर्णा फुंकणाऱ्या सेवेकऱ्यांची किंवा सनईवाल्या घडशांची अवस्था याहून निराळी नाही. केशवसुतांची १८९३ मधील ‘तुतारी’ आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. तुतारी फुंकणाऱ्याचा मुलगा मात्र आमच्या मुलांशेजारी कलावंताचा मुलगा म्हणून बसत नाही.

यावर आमचे सुशिक्षित मित्र म्हणतात की, बँडवाले बेसुरे वाजवितात. त्यापेक्षा डॉल्बी काय वाईट? बेसूर वाजते हे पुष्कळदा खरे आहे. पण त्यांस सूर कोणी शिकविला? आमच्या गायनवर्गांत पेटी व तबला असतो. फुंकून वाजवावयाचे वाद्य क्वचितच आढळते. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन वाचावयास व वाद्य हाती धरावयास शिकवीत. त्या शिक्षणावर वाढलेल्या गोवेकरांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंद भरून टाकले. बांद्याच्या अलीकडील हवेत फुप्फुसे काही दुबळी होत नाहीत!

राहिला डॉल्बी. त्याचा खर्ज खिडक्यांची तावदाने हालवितो, हे आम्ही मान्य करतो. पण त्यास दम लागत नाही, म्हणून थांबावे कोठे हेही त्यास उमगत नाही. शुक्र-बुधाच्या वेळी गप्प बसणे त्यास कोण शिकविणार? शिवाय तो भाड्याने आणला म्हणजे पाच घरांची चूल पेटत नाही, आणि पाच घरांतील विद्या पुढच्या पिढीस पोचत नाही. वरातीस ‘दणका’ हवा म्हणून आग्रह धरणारे कोण, हे आम्ही बोट दाखवून सांगण्याची आवश्यकता नाही. ते होल्स्ट ऐकणारे लोकच आहेत.

दिवाळीच्या पाडव्यास मालवणात श्रीरामेश्वर व नारायण यांची पालखी निघते आणि गाव रस्त्यावर लोटतो. त्या दिवशी तरी वाजविणाऱ्यांस नावाने हाक मारावी, आधी त्यांचे पान वाढावे. आणि जिल्ह्यातील एखाद्या शाळेने पेटीच्या जोडीस एक युफोनियम घ्यावे. बहुधा तीन-चार दट्ट्यांचेच ते वाद्य. शिकविण्यास वरातीतील वादकासच बोलवावे, आणि त्यास मास्तरांएवढे वेतन द्यावे. पैसा कोठून आणावा असे ज्यांस वाटेल, त्यांनी आपल्या घरच्या गेल्या लग्नातील डॉल्बीच्या भाड्याची पावती काढून पाहावी.