ताल धरणाऱ्याचे कान

घरात ड्रम वाजवणारा मुलगा असला की शेजारी वैतागतात. तो डीजे झाला की नातेवाईक वैतागतात. आणि पुढे तो एखाद्या सभागृहात मागे, मिक्सरपाशी बसू लागला की सगळे एका सुरात विचारतात, "म्हणजे आता तू वाजवत नाहीस?" वाजवणारा तो कलावंत आणि बटणं फिरवणारा तो मंडपवाल्याचा माणूस, असा आपला हिशेब असतो. हा हिशेब मला साफ चुकीचा वाटतो. तो का चुकीचा, हे सांगायला म्हैसूरइतकं सोयीचं गाव दुसरं नाही.

म्हैसूर आपल्याला माहीत आहे ते दसऱ्यामुळे, चंदनामुळे आणि जुन्या रसिकांना मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा मान राखणाऱ्या दरबारामुळे. विजयादशमीच्या जंबू सवारीत अंबारीच्या हत्तीच्या पुढे लोककलांची पथकं चालतात. डोळ्ळू कुणिताचे पोटावर बांधलेले ढोल, तमटे, नगारे, कंसाळ्यांची किणकिण. त्यांच्याच जोडीला पोलीस बँड असतो, राजवाड्याच्या जुन्या बँडचा वारसा सांगणारा. नागस्वर वाजवणाऱ्या घरातला कद्री गोपालनाथ लहानपणी म्हैसूरला आला, राजवाड्याच्या बँडमध्ये त्यानं सॅक्सोफोन पाहिला आणि तेच वाद्य धरलं. पुढे कर्नाटक संगीतात सॅक्सोफोन म्हणजे गोपालनाथ असं समीकरण झालं. वाद्य बदललं म्हणून तो पोरगा संगीतातून उठला, असं आज कुणी म्हणणार नाही. सनईच्या जातीच्या वाद्यावरून सॅक्सोफोनवर गेलेलं आपल्याला चालतं; टिपरू खाली ठेवून मिक्सरच्या पट्टीला हात लावलेला चालत नाही.

म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराज वडियार स्वतः कर्नाटक संगीतातल्या कृती रचायचे आणि पाश्चात्त्य पियानोसंगीतावर त्यांचा जीव होता. मेट्नर या रशियन संगीतकाराच्या रचनांचं ध्वनिमुद्रण लंडनमध्ये झालं ते महाराजांच्या पैशानं. लंडनचा नामांकित ध्वनिमुद्रण-निर्माता वॉल्टर लेग त्यांचा पाहुणा म्हणून म्हैसूरला आला, तेव्हा त्याला दिसला तबकड्यांचा अफाट संग्रह, मोठमोठे पियानो आणि तऱ्हेतऱ्हेचे लाउडस्पीकर. एकाच माणसाला इतके स्पीकर कशाला लागतात? एकच तबकडी दोन स्पीकरवर आळीपाळीनं ऐकून ज्याची झोप उडाली आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही. त्याआधी, १९३५ साली, याच गावात महाराजा कॉलेजचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी राहत्या घरात छोटा ट्रान्समीटर बसवून खासगी रेडिओ केंद्र सुरू केलं होतं. त्याचं नाव आकाशवाणी. पुढे ते नाव सगळ्या देशानं घेतलं. म्हणजे वाजवणं आणि वाजलेलं नीट पोचवणं ही दोन्ही कामं या शहरात प्रतिष्ठेचीच होती.

आता आजच्या मुलाची वाट कशी जाते ते पाहू. सुरुवात कातड्यापासून होते : कुणाची तमट्यापासून, आपल्याकडे कुणाची ताशापासून. मग शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम, कॉलेजात ड्रमसेट. दोन हात आणि दोन पाय चार वेगळी कामं करतात आणि तरी लय एकच राहते, ही शिस्त अंगात मुरायला वर्षं जातात. मग ऑर्केस्ट्रात बोलावणं येतं आणि तिथे ड्रमसेटच्या जागी ऑक्टोपॅड असतो. रोलँड कंपनीनं १९८५मध्ये आणलेल्या या आठ चौकोनांनी आपल्याकडच्या ऑर्केस्ट्राचं रूपच बदललं. ढोलकी, कोंगो, घुंगरू, टाळी, सगळं काठीच्या एका टोकाशी. ज्येष्ठ वादकांनी नाकं मुरडली, पण माझ्या मते इथेच त्या मुलाच्या डोक्यात पहिली ठिणगी पडते. वाद्य आणि आवाज या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, आवाज साठवता, कापता, बदलता येतो, हे त्याच्या हाताला कळतं.

डीजे ही त्याची पुढची पायरी, आणि ती दिसते त्याहून ताल धरणाऱ्याच्या कितीतरी जवळची आहे. एक गाणं मिनिटाला १२० मात्रांचं, दुसरं १२६चं. एका कानाला हेडफोन, दुसरा कान मोकळा. जुन्या टर्नटेबलवर आठ टक्के वरखाली सरकणारी पट्टी हळूहळू हलवत दोन्ही लयी एकमेकींवर बसवायच्या. आता हे काम 'सिंक' नावाचं बटण करतं आणि म्हणून डीजेला काही येत नाही असं लोक म्हणतात. पण दुसरं गाणं नेमकं कोणत्या मात्रेवर आत घ्यायचं, हे बटण सांगत नाही. नाचाचं बहुतेक संगीत बत्तीस मात्रांच्या घडीत चालतं. घडी संपायच्या आत नवं गाणं घुसवलं तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात, का ते त्यांना सांगता येत नाही. तिहाई घेऊन समेवर येणाऱ्याला किंवा कडव्याच्या शेवटी ड्रमवर फिल टाकणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

आणि मग एका रात्री त्याला कळतं की लयी जुळूनही काहीतरी बिघडतंय. दोन गाण्यांचे दोन किक ड्रम एकावर एक बसले की खालचा बेस गढूळ होतो, छातीत नुसता गोळा येतो. उपाय एकच : येणाऱ्या गाण्याचा खालचा भाग कापायचा, जाणाऱ्याचा ठेवायचा आणि समेवर अदलाबदल करायची. 'लो' लिहिलेलं ते छोटं बटण ज्यानं पहिल्यांदा विचार करून फिरवलं, तो तिथेच ध्वनीचा अभियंता व्हायला लागला. बाकीचं शिक्षण म्हणजे याच प्रश्नाचा विस्तार आहे : कुणाला कुठे जागा द्यायची, कुणाला थोडं मागे घ्यायचं.

ड्रमर इथे इतरांच्या पुढे का असतो, त्याचं साधं गणित आहे. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मैदानात मंचापासून ५० मीटरवर मागच्या लोकांसाठी जादा स्पीकर लावले, तर तिथे मंचावरचा आवाज पोचायला सुमारे १४६ मिलिसेकंद लागतात. तारेतून मात्र तो ताबडतोब येतो. तेव्हा मागच्या स्पीकरना तेवढा उशीर मुद्दाम द्यावा लागतो. नाही दिला तर? १२०च्या लयीत पाव मात्रा होते १२५ मिलिसेकंदांची. म्हणजे मागे बसलेल्याला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो, पाव मात्रेहून जास्त अंतरानं. गायक म्हणेल, काहीतरी घुमतंय. ड्रमर बोट दाखवून सांगेल, तो स्पीकर पुढे पळतोय. म्हैसूरचा युवा दसरा २०२४पासून शहराबाहेर उत्तनहळ्ळीच्या मोकळ्या जागेत भरतो; अशा ठिकाणी लोकांना गाणं ऐकू येणार की गोंगाट, हे अशाच कानांवर अवलंबून असतं.

या वाटेनं गेलेलं मोठं नाव आपल्याच आडनावाचं आहे. कर्ष काळे. १९७४मध्ये इंग्लंडात जन्म, अमेरिकेत वाढ, हाताशी ड्रमसेट आणि तबला दोन्ही. त्यानं तबल्याला इलेक्ट्रॉनिक जोड दिली, न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवलं, २००१मध्ये 'रिअलाइज' हा स्वतःचा अल्बम काढला, झाकिर हुसेन आणि बिल लास्वेल यांच्या 'तबला बीट सायन्स'मध्ये बसला, अनुष्का शंकरबरोबर २००७मध्ये अल्बम केला आणि २०१९च्या 'गली बॉय'चं पार्श्वसंगीतही त्याच्या नावावर आहे. वादक, डीजे, निर्माता यांतला नेमका कोणता कर्ष काळे खरा, असं विचारणं निरर्थक आहे. तिकडे 'निर्वाना' या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम ध्वनिमुद्रित करणारा बुच व्हिग मूळचा ड्रमरच, आणि 'द रूट्स'चा ड्रमर क्वेस्टलव्ह आजही डीजे म्हणून उभा राहतो.

मग आपल्याकडे गाडी कुठे अडते? पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांत दरवर्षी हजारो तरुण लय शिकतात. कोल्हापूर-सांगलीकडे मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात. इकडे ताल आहे, तिकडे यंत्र आहे, आणि दोघांच्या मधला कान घडवायची सोय जवळपास नाही. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचा उत्तम अभ्यासक्रम आहे, पण तिथे जागा मोजक्या आणि रोख सिनेमाकडे. इचलकरंजीच्या मुलाला मिक्सर शिकायचा तर तो मंडपवाल्याच्या टेम्पोत चढतो आणि जे कानावर पडेल ते शिकतो. तिथे पहिला धडा असतो, बॉक्स वाढव. आता ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो जेमतेम तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला ताकद सुमारे दहापट लागते. म्हणून भिंत उंच होत जाते, भाडं वाढत जातं आणि गाण्याचे शब्द काही केल्या कळत नाहीत.

त्यात कान जातात ते वेगळेच. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची सर्वसाधारण मर्यादा धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. मिरवणूक चालते रात्रभर. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला मजकूर सगळ्यांना पाठ आहे आणि त्यातून सवलत कशी मिळते तेही. पण नियम पोलिसांनी पाळायला लावायचा असतो, अशी आपली समजूत आहे. बंदोबस्तावरचा हवालदार मीटर घेऊन भिंतीपुढे उभा राहतो तोवर उशीर झालेला असतो. पट्टी खाली आणायचा अधिकार आणि अक्कल मिक्सरपाशी बसलेल्याकडे हवी. ऐकू कमी येणारा ड्रमर किंवा साउंडवाला आपल्याच नकळत पट्टी वर नेत राहतो आणि मग अख्ख्या गावाला त्याच्या कानांनी ऐकावं लागतं. अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था साठच्या दशकापासून म्हैसूरमध्येच आहे. संगीत विद्यापीठही त्याच शहरात, गंगूबाई हनगलांच्या नावाचं. वादक, डीजे आणि साउंडवाल्यांची वर्षातून एकदा श्रवणचाचणी आणि एखादा छोटा ध्वनिवर्ग, एवढं या दोन संस्थांनी मिळून करायचं ठरवलं तर अशक्य काय आहे? आपल्याकडे पथकांच्या सरावाच्या दिवसांत हेच करता येईल, आणि पथकप्रमुखांनी सुरुवात स्वतःच्या कानांपासून करावी.

गणेशोत्सव आणि दिवाळी पहाटेची तयारी करणाऱ्या मंडळांना माझी विनंती साधी आहे. निमंत्रणपत्रिकेवर दीपप्रज्वलन करणाऱ्यांची नावं असतात, निवेदकाचं असतं, पुष्पगुच्छ प्रायोजकाचंही असतं. त्यात ध्वनिसंयोजन करणाऱ्याचं नाव छापा. त्याला सभागृह दुपारीच उघडून द्या, साउंड टेस्टला पुरता एक तास ठेवा, आणि "आवाज थोडा कमी करूया" असं तो म्हणाला तर अध्यक्षांच्या तोंडाकडे न बघता त्याचं ऐका.